प्रश्नावलीत न मावणारा व्यवहार

बीड जिल्ह्यात वाणिज्य किंवा व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांच्या प्रबंधांची शीर्षके ओळीने वाचली, की एक साचा ध्यानात येतो. ‘अमुक संस्थांच्या कार्याचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ बीड जिल्हा’ अशा धर्तीची ही शीर्षके असतात. आत प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, सारण्या आणि त्यांचे विश्लेषण, शेवटी निष्कर्ष व शिफारशी. नमुना पुष्कळदा ३८४ जणांचा असतो. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातून आलेला आहे; एकूण संख्या लाखाच्या घरात गेली की त्या तक्त्यात नमुना ३८४ वर येऊन थांबतो. उत्तरे ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा पाच पायऱ्यांवर घेतली जातात. ती मोजपट्टी रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली. गृहीतके सिनॉप्सिसमध्येच ठरलेली असतात आणि काई-वर्ग चाचणी लावून ती स्वीकारली किंवा नाकारली जातात.

ही पद्धत चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. किती कुटुंबांचे बँकेत खाते आहे, किती बचत गट कर्ज वेळेवर फेडतात, हे मोजूनच कळते. अडचण दोन ठिकाणी येते. एक तर ३८४ चा तक्ता यादृच्छिक निवड गृहीत धरतो आणि प्रत्यक्षात जे भेटतील त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. या जिल्ह्यातले पैशाचे आणि श्रमाचे जे व्यवहार सर्वांत जास्त समजून घ्यायला हवेत, ते पाच पायऱ्यांच्या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत. गुणात्मक पद्धती शिकण्याची गरज इथून सुरू होते. ती नीट शिकवली जात नाही, ही माझ्या मते आपल्या संशोधन केंद्रांची आजची सर्वांत मोठी उणीव आहे.

ऊसतोडीचेच उदाहरण घेऊ. बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई आणि परळी या अकरा तालुक्यांतून दर हंगामात लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, त्या जोडीला उचल (आगाऊ रक्कम) देतो, दिवाळीच्या सुमारास टोळी गाव सोडते, गुढीपाडव्याच्या आसपास परतते आणि मग हिशोब होतो. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी असतो. तोडणाऱ्या जोडीच्या हातात कारखान्याचा कागद नसतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनामागे सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन त्यावर वेगळे. एखादा दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि तो उचलीत धरला जातो.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने हे सगळे नीट पाहिले तर त्याच्या विषयातले अवघड प्रश्न त्याला इथेच सापडतील. कारखाना मजूर थेट कामावर का ठेवत नाही? मधला माणूस का लागतो? जोखीम कोणाच्या अंगावर पडते? रोनाल्ड कोस यांनी १९३७ सालच्या एका लेखात ‘उद्योगसंस्था मुळात असतेच कशासाठी’ असा प्रश्न विचारला आणि पुढे १९९१ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या लेखाची तयारी त्यांनी विद्यार्थी असताना, १९३१-३२ मध्ये अमेरिकेतले कारखाने हिंडून, तिथल्या लोकांशी बोलून केली होती, हे आपल्या वर्गात सहसा सांगितले जात नाही. तोच प्रश्न माजलगाव किंवा परळीच्या परिसरात उभा राहून विचारता येतो, आणि तो विचारण्याची पद्धतही तीच आहे: हिंडणे, बसणे, ऐकणे, लिहून ठेवणे.

आता प्रश्नावली या व्यवहारासमोर कशी उभी राहते ते पाहू. ‘मिळणाऱ्या मजुरीबाबत आपण समाधानी आहात का?’ हा प्रश्न घेऊन कोणी वस्तीवर गेले की बाई नवऱ्याकडे पाहते, नवरा शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहतो आणि उत्तर येते, ‘तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.’ संशोधक ‘सहमत’वर खूण करतो आणि पुढच्या घरी जातो. तिथेच ‘औंदा उचल घेतली तेव्हा पैसे कोणाच्या हातात दिले?’ असे विचारले तर गोष्ट सुरू होते. कुठल्या महिन्यात घेतली, कशासाठी घेतली, लग्न होते की दवाखाना होता, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला की वहीत लिहिले, बायको तिथे होती की नव्हती. मजुरी दोघांची आणि पैसे एकाच्या हातात, ही गोष्ट त्या एका प्रश्नातून बाहेर येते. समाधानाच्या पाच पायऱ्यांवर तिला जागा नाही.

असे काम करण्याची परंपरा मराठी माणसाला परकी नाही, आणि संशोधनाच्या विद्यार्थ्याला ती सांगितली पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. महसूल खात्यात काम करताना पाहिलेले बलुतेदार, सावकार, पाटील-कुलकर्णी त्यांनी इतके बारकाईने नोंदवले की आजही गावच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास तिथून सुरू करता येतो. इरावती कर्वे वारीत पायी चालल्या आणि एकाच वाटेवर चालणाऱ्या, एकच नाव घेणाऱ्या माणसांच्या पंगती जातीनुसार वेगळ्या बसतात हे त्यांनी टिपले. तो लेख १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये इंग्रजीत आला. सहभागी निरीक्षण म्हणजे काय, हे शिकवायला एवढा चांगला नमुना मराठीत असताना आपण सारांश-पुस्तकातली व्याख्या पाठ करून घेतो.

व्यवसायाच्या अभ्यासाच्या दृष्टीने मात्र सर्वांत जवळचे नाव बी. एस. बाविस्कर यांचे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी उभ्या केलेल्या समाजशास्त्र विभागातून येऊन त्यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा अभ्यास केला. संचालक मंडळाच्या निवडणुका, गटबाजी, सभासदांची गाऱ्हाणी, कारखान्याचे रोजचे कामकाज हे सगळे त्यांनी जवळून पाहिले. १९८० साली त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. कॅनडातले मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवुड यांच्यासोबत त्यांनी पुढे आणखी एक प्रश्न घेतला: सहकारी साखर कारखाने पश्चिम महाराष्ट्रात चालले आणि तेच रूप इतर ठिकाणी का अडखळले? त्यांच्या उत्तराचा गाभा असा, की कारखाना पूर्ण क्षमतेने चालवायला मोठ्या बागायतदाराला लहान शेतकऱ्याचाही ऊस लागतो. म्हणून दोघांचे हित एकमेकांत गुंतते आणि भाव सगळ्यांना सारखा ठेवावा लागतो. हा निष्कर्ष ताळेबंदातून निघणारा नव्हता. माणसे कशासाठी भांडतात आणि कशासाठी भांडण मिटवतात, हे पाहिल्यावर तो निघाला.

याच्या शेजारी डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचे काम ठेवावे. दक्षिण गुजरातेत ते १९६२ पासून जात राहिले आणि बारडोलीच्या सहकारी कारखान्यांवर खानदेशातून येणाऱ्या तोडकऱ्यांबद्दल त्यांनी १९७८ साली लिहिले. सहकाराची जी रचना सभासदाला न्याय देते, ती तोडकऱ्याला त्या न्यायाच्या बाहेर ठेवते, असे त्यांना दिसले. उद्योग तोच, तरी एकाला सभागृहातून दिसला आणि दुसऱ्याला फडातून. दोघांचेही म्हणणे पुराव्यावर उभे आहे. गुणात्मक संशोधन शिकणाऱ्याने हे दोन अभ्यास एकापाठोपाठ वाचले, तर ‘संशोधक कुठे बसला आहे यावर त्याला काय दिसते हे ठरते’ हे तत्त्व वेगळे शिकवावे लागणार नाही.

व्यवस्थापनशास्त्राच्या जागतिक इतिहासातही हा धागा जाडच आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग १९२४ ते १९३२ या काळातले. प्रकाश वाढवून उत्पादन वाढते का, हे पाहणारा भाग सगळ्यांना पाठ असतो. पण तिथे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरीव प्रश्न होते. कामगार त्या प्रश्नांत अडकेनात, आपल्याच गोष्टी सांगू लागले. तेव्हा संशोधकांनी प्रश्न बाजूला ठेवून त्यांना बोलू दिले आणि मुलाखती लांबल्या. हेन्री मिंट्झबर्ग हे एमआयटीत पीएच.डी.चे विद्यार्थी होते तेव्हा त्यांनी पाच मुख्याधिकाऱ्यांसोबत प्रत्येकी एक आठवडा घालवला. व्यवस्थापक नियोजन करतो, संघटन करतो, नियंत्रण करतो, असे पुस्तकांत लिहिलेले होते. प्रत्यक्षात त्यांची निम्मी कामे नऊ मिनिटांपेक्षा कमी वेळाची निघाली. नमुना फक्त पाचचा. १९७३ साली त्याचे पुस्तक झाले आणि व्यवस्थापकाच्या कामाबद्दलची समजूत बदलली.

पद्धतींची नावे अनेक आहेत, त्यांत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली ‘ग्राउंडेड थिअरी’ मांडली. माहितीतून सिद्धांत वर येऊ द्यावा, असा तिचा आग्रह. केस स्टडी कशी रचावी यासाठी रॉबर्ट यिन यांचे १९८४ चे पुस्तक आणि कॅथलीन आयझनहार्ट यांचा १९८९ चा लेख वाचावा. ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ ची आशयसूत्रांची पद्धत नवख्याला झेपते. व्यवस्थापनाच्या नियतकालिकांत सध्या जॉया यांच्या पद्धतीने केलेली मांडणी चालते. यांतली एक निवडून ती नीट वाचावी. प्रबंधात सहा पद्धतींच्या व्याख्या उतरवून काढण्याने एकही पद्धत येत नाही.

मग विद्यार्थी हे शिकतो कुठे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क करावे लागते, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम असतो. किमान मुदत तीन वर्षांची. अर्धवेळ पीएच.डी.लाही या नियमांत वाट आहे. आपल्याकडचे अनेक विद्यार्थी महाविद्यालयात शिकवत किंवा नोकरी सांभाळत संशोधन करतात. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जाऊन कोर्सवर्क उरकायचे, परतून तास घ्यायचे आणि सुटीत प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, असे वेळापत्रक बनते. कोर्सवर्कमध्ये गुणात्मक पद्धती असते, पण बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या तासात: व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा. पोहायला शिकवताना पाण्याची वैशिष्ट्ये लिहून द्यावीत तसे हे होते.

ही पद्धत व्याख्यानाने येत नाही याचे कारण तिच्या स्वरूपातच आहे. संख्यात्मक कामात चूक झाली तर सॉफ्टवेअर निदान काही वेळा अडवते. मुलाखतीत संशोधकाने उत्तर सुचवून टाकले, तर ते फक्त उतरवलेली मुलाखत दुसऱ्या कोणी वाचली तरच कळते. ‘म्हणजे मुकादम तुम्हाला फसवतो, होय ना?’ असे विचारले की समोरचा ‘होय’ म्हणतो आणि संशोधकाला निष्कर्ष मिळाल्यासारखा वाटतो. शिकवणाऱ्याने ती ओळ लाल करून ‘इथे तू बोललास, ते बोलले नाहीत’ एवढे सांगणे, हे या विषयातले खरे शिकवणे. त्यासाठी मार्गदर्शकाला मुलाखती वाचायला वेळ हवा आणि विद्यार्थ्याला त्या दाखवण्याचा विश्वास हवा.

बीडमध्ये क्षेत्रकार्य करायचे तर काही गोष्टी पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली हंगामाची. दिवाळी ते गुढीपाडवा या काळात ऊसतोडीच्या गावांत म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. त्या काळात गावात जाऊन ‘प्रतिसादक उपलब्ध झाले नाहीत’ असे लिहिण्यात अर्थ नाही. एकाच जोडीशी तीनदा बोलावे: पावसाळ्यात उचल घेताना, हंगामात फडात, आणि परतल्यावर हिशोब झाला की. तिन्ही वेळी माणूस वेगळे बोलतो. उचल घेताना आशा असते, फडात दमणूक असते, हिशोबानंतर राग किंवा गप्प बसणे असते. एका भेटीत घेतलेले मत म्हणजे त्यांतल्या एका दिवसाचे मत.

दुसरी गोष्ट वाट दाखवणाऱ्याची. टोळीपर्यंत पोहोचवणारा बहुधा मुकादमच असतो, किंवा त्याचा नातेवाईक. तो सोबत असताना घेतलेली मुलाखत टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही, ती ठेवावी; पण तो तिथे होता हे लिहावे आणि तो नसताना पुन्हा जावे. दोन्ही मुलाखतींतला फरक हाच मोलाचा पुरावा असतो. तिसरी गोष्ट आडनावाची. आपल्या भागात ‘कुठले तुम्ही? कोणाचे?’ या प्रश्नाशिवाय बोलणे सुरू होत नाही, आणि आडनाव कळल्यावर पुढचे बोलणे त्याच्या हिशोबाने होते. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातले जातीय ताण जसे वाढले, तसे हे अधिकच झाले आहे. संशोधकाने आपले आडनाव, गाव, बाई की पुरुष, हे सगळे पद्धतीच्या प्रकरणात मोकळेपणाने लिहावे. त्याने प्रबंधाची वस्तुनिष्ठता कमी होत नाही. वाचणाऱ्याला पुरावा जोखता येतो.

चौथी गोष्ट संमतीपत्राची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नीतीचे पुस्तक सांगते की मुलाखतीआधी संमतीपत्रावर सही घ्यावी. ज्या माणसाने उचलीसाठी मुद्रांकावर अंगठा दिला आहे, त्याच्यासमोर अनोळखी माणूस कागद आणि शाईची डबी ठेवतो तेव्हा तो घाबरतो. त्याच्या आयुष्यात कागदावरचा अंगठा कधी त्याच्या बाजूने कामाला आलेला नसतो. अशा ठिकाणी काय विचारणार, कशासाठी विचारणार, नाव येणार नाही, मधेच थांबता येईल, हे तोंडी सांगून तोंडी होकार ध्वनिमुद्रित करावा आणि हे का केले ते प्रबंधात लिहावे. वाणिज्याच्या संशोधन केंद्रात याची जबाबदारी बहुधा मार्गदर्शकावरच येऊन पडते. त्यांनी विद्यार्थ्याला मैदानात पाठवण्याआधी यावर एक अख्खी दुपार बोलावे.

आता ध्वनिमुद्रण घरी आले. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार ते सहा तास, गोंगाट असेल तर त्याहून जास्त लागतात. यंत्राकडून उतरवून घेण्याची सोय आता आहे, पण बालाघाटातली बोली, मधेच बोलणारी सासू, मागे रडणारे मूल, हे सगळे हाताने तपासावेच लागते. तो वेळ वाया जात नाही. उतरवताना माणूस पुन्हा ऐकतो आणि कुठे आपण घाई केली ते त्याला कळते.

कोडिंगचे एक उदाहरण देतो. समजा कोणी म्हणाले, ‘उचल फिटली न्हाई. तीस हजार अंगावर राह्यले. म्हणून औंदा बी तोच मुकादम.’ नवखा विद्यार्थी समासात ‘आर्थिक शोषण’ असे लिहून मोकळा होतो. हे लिहायला मुलाखतीची गरज नव्हती, तो शब्द घरूनच आणलेला होता. नीट कोड लावायचे तर ओळीला चिकटून राहावे: ‘बाकी पुढच्या हंगामात जाणे’, ‘बाकीमुळे मुकादम बदलता न येणे’. मग बाजूला टिपण लिहावे: हिशोब कोणी केला? वही यांनी पाहिली का? तीस हजारांत खाड्याचे किती? पुढची मुलाखत मुद्दाम मुकादम बदललेल्या जोडीची घ्यावी आणि विचारावे की जुनी बाकी कोणी भरली. नव्या मुकादमाने भरली असेल तर कर्ज संपले नाही, त्याचा धनी बदलला. आता हाती आलेली गोष्ट ‘शोषण’ या शब्दापेक्षा कितीतरी नेमकी आहे. श्रमाच्या बाजारात माणसाची ये-जा त्याच्या बाकीच्या हस्तांतरातून होते का, हा एका प्रबंधाला पुरेल असा प्रश्न त्या तीन छोट्या वाक्यांतून निघतो. तुलना करत, कोड बदलत, पुन्हा मैदानात जात हे काम पुढे सरकते. म्हणून सगळ्या मुलाखती आधी उरकून मग विश्लेषणाला बसणे ही या पद्धतीतली मोठी चूक आहे.

हे कोडिंग मूळ मराठीतच व्हावे. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी निवडलेल्या उताऱ्यांचेच भाषांतर शेवटी करावे आणि मूळ मराठी उतारे परिशिष्टात द्यावेत. आधी सगळे इंग्रजीत करून मग कोड लावले, तर वर दिलेल्या वाक्यातला ‘म्हणून’ हा शब्दच निसटतो, आणि सगळा कार्यकारणभाव त्यातच होता.

‘किती मुलाखती पुरे?’ हा प्रश्न सिनॉप्सिसच्या बैठकीत हमखास येतो. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी घाना व नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासून २००६ साली लिहिले की पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक आशयसूत्रे हाती आली होती. तेव्हापासून ‘बारा’ हा नवा ३८४ होऊ पाहतो आहे. तसे होऊ देऊ नये. एकसारख्या गटातल्या एका ठरावीक प्रश्नासाठी तो आकडा आला होता. टायरगाडीवाली जोडी, डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या ‘डोकी सेंटर’वर काम करणारी जोडी, एकटी बाई, मुकादम, वाहतूकदार, कारखान्याचा शेतकी अधिकारी, या प्रत्येकाची बाजू वेगळी आहे आणि कोणाच्या किती मुलाखती घ्यायच्या हे प्रश्नावरून ठरते.

आकडे आणि गोष्ट यांचे वैर नाही, हे बीडनेच २०१९ साली दाखवले. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले. तो आकडा नसता तर बायकांच्या सांगण्याला ‘एखाद-दुसरी घटना’ म्हटले गेले असते. पण आकडा ‘का’ सांगत नव्हता. फडात शौचालय नसणे, पाळीच्या दिवसांतही खाडा न परवडणे, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे, डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती, शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडूनच घेतलेले पैसे, हे सगळे पत्रकार आणि महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी बायकांशी बोलून पुढे आणले. मजुरीची रचना आणि बाईचे शरीर यांचा असा संबंध लागतो, हे दाखवणे वाणिज्याच्या विद्यार्थ्याचेही काम होते. त्या काळात आपल्या विषयाकडून फारसे काही आले नाही, याची खंत वाटते.

ऊसतोडीखेरीजही विषय पुष्कळ आहेत. २०२३ साली ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवीदारांना पैसे मिळेनासे झाले आणि जिल्ह्यातली हजारो कुटुंबे हादरली. बँकेपेक्षा थोडे जास्त व्याज एवढेच कारण असते तर इतक्या शिकलेल्या माणसांनी आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवली नसती. एजंट कोण होता, तो घरी कसा येत होता, पहिली ठेव मुदतीनंतर परत मिळाल्यावर काय वाटले, हे विचारत गेले तर विश्वास कसा घडतो आणि कसा मोडतो याचा अभ्यास होईल. पीकविम्याचे ‘बीड मॉडेल’ २०२० साली इथूनच सुरू झाले: विमा कंपनीचे दायित्व हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत, आणि भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली तर उरलेल्या रकमेतला मोठा वाटा राज्याकडे परत. त्याचा हिशोब सारणीत मांडता येतो. पण पावसाने खंड दिलेल्या जुलैमध्ये ऑनलाइन सेवा केंद्रासमोरच्या रांगेत काय चालते, हे तिथे बसूनच कळेल. अंबाजोगाईला ‘मानवलोक’सारखी संस्था चार दशके काम करते आहे, तिच्या परिसरातल्या बचत गटांवर सारण्यांचे प्रबंध अनेक होतील, पण एकाच गटाच्या बैठकांना वर्षभर बसून केलेला एक प्रबंध त्या सगळ्यांहून जास्त शिकवेल.

साधनांची कमतरता आहे, पण वाटा बंद नाहीत. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे, क्षेत्रकार्याची शिस्त तिथे पाहता येते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या संशोधन पद्धतीच्या कार्यशाळांना मदत देते. आपल्या महाविद्यालयांनी निव्वळ गुणात्मक पद्धतीची कार्यशाळा मागावी. ‘शोधगंगा’वर प्रबंध फुकट वाचायला मिळतात, त्यांत पद्धतीचे प्रकरण आधी वाचावे. कोडिंगसाठी ‘टॅगेट’ हे मोफत साधन पुरते, आणि तेही नसले तर छापील कागद व रंगीत पेन्सिली चालतात. नोंदी मात्र दोन ठिकाणी ठेवाव्यात. एम. एन. श्रीनिवास यांची रामपुरा गावावरची प्रक्रिया केलेली टिपणे १९७० साली अमेरिकेत आगीत जळाली आणि १९७६ चे त्यांचे पुस्तक त्यांना मुख्यतः आठवणीतून लिहावे लागले. त्यांच्याइतकी स्मरणशक्ती प्रत्येकाकडे नसते.

आपल्या विद्यार्थ्यांकडे एक भांडवल आहे, जे पुण्या-मुंबईच्या संस्थांना विकत घेता येणार नाही. यांतले कित्येक जण कोयत्याच्या घरातले, हंगामी वसतिगृहात वाढलेले, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेले आहेत. त्यांना बोली येते, हिशोबाची रीत माहीत असते, कोणत्या प्रश्नाने माणूस दुखावतो ते कळते. त्याच वेळी ‘मला हे सगळे माहीतच आहे’ ही त्यांची अडचणही असते. ओळखीचे म्हणून ते विचारायचे राहून जाते. या मुलामुलींना आपण ३८४ प्रश्नावल्या भरायला पाठवतो तेव्हा त्यांच्याजवळचे ज्ञान आपण दाराबाहेर ठेवायला सांगतो.

म्हणून संशोधन व मान्यता समितीला आणि मार्गदर्शकांना विनंती आहे. गुणात्मक प्रबंधाच्या सिनॉप्सिसमध्ये गृहीतकांऐवजी संशोधन प्रश्न मान्य करावेत. कोर्सवर्कच्या श्रेयांकांतला एक तरी क्षेत्रात जाऊन मिळवायचा असावा, आणि त्याचे मूल्यमापन उतरवलेल्या मुलाखतीवर व्हावे. व्हायवात ‘नमुना एवढा लहान का?’ याआधी ‘तुमच्या म्हणण्याशी न जुळणारी मुलाखत कोणती, आणि तिचे तुम्ही काय केले?’ असे विचारले जावे. आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे: येत्या पावसाळ्यात, उचल वाटली जात असताना, तीन मुलाखती घ्या. चौथीला जाण्याआधी त्या शब्दशः उतरवा, मराठीत कोड लावा आणि मार्गदर्शकाच्या टेबलावर ठेवून त्या वाचून घ्या.